जागा आहे, तरी फाइल घेईना: अडलेल्या आकड्यावरून दोष शोधायची रीत

लग्नाची फिल्म तयार आहे. ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह कोरा आहे. अकरा जीबीची फाइल त्यावर टाकायला गेलं की विंडोज तत्काळ नकार देतं: 'द फाइल इज टू लार्ज फॉर द डेस्टिनेशन फाइल सिस्टम'. काउंटरवर उभा असलेला नवरदेवाचा भाऊ विचारतो, "दादा, जागा तर लई दिसायली, मग घेईना कामून?" परभणी असो, बीड असो की जालना, लग्नसराईत हा प्रश्न कुठल्याही स्टुडिओला नवा नाही. लातूरच्या क्लासमध्ये लेक्चरचं रेकॉर्डिंग दीड तासाला बंद पडतं, फ्लेक्सवाल्याची फाइल सेव्ह होत नाही, दवाखान्याच्या सॉफ्टवेअरमध्ये नवी नोंद पडत नाही. वरून चारही तक्रारी सारख्याच दिसतात. कारणं मात्र वेगळी असतात, आणि चुकीच्या कारणामागे लागलं की नवी डिस्क विकत आणूनही काम अडलेलंच राहतं.

मोठ्या फाइलला एकाच वेळी बऱ्याच मर्यादा लागू असतात: डिस्कवरची मोकळी जागा, फाइल सिस्टमची मर्यादा, फाइलच्या प्रकाराची मर्यादा आणि सॉफ्टवेअर काम करताना वापरतं ती तात्पुरती जागा. यातली कुठली आड आली, हे बहुतेक वेळा फाइल किती आकड्यावर थांबली त्यावरून कळतं. म्हणून काहीही डिलीट करायच्या किंवा फॉरमॅट मारायच्या आधी तो आकडा बघायचा.

आधी कागदावर लिहून घ्यायच्या तीन गोष्टी

१. अडलेली फाइल किती मोठी झाली होती. फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि 'साइज'समोर कंसात दिलेला बाइट्सचा पूर्ण आकडा उतरवून घ्या. '३.९९ जीबी' एवढ्यावर भागत नाही.

२. फाइल ज्या ड्राइव्हवर बनत होती किंवा कॉपी होत होती, त्याची फाइल सिस्टम आणि मोकळी जागा. 'धिस पीसी'मध्ये त्या ड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज. तिथे फॅट३२, एक्सफॅट किंवा एनटीएफएस असं लिहिलेलं दिसेल.

३. त्याच वेळी सी ड्राइव्हवर किती जागा उरली होती. फाइल डी किंवा ई ड्राइव्हवर बनत असली तरी हे बघायचंच.

आता आकडा वाचा. फाइल ४,२९,४९,६७,२९५ बाइट्सच्या आसपास थांबली असेल तर फॅट३२ किंवा ३२ बिटचा जुना फाइल प्रकार. २,१४,७४,८३,६४८ बाइट्सच्या आसपास थांबली असेल तर जुनी एव्हीआय व्हिडिओ फाइल, फोटोशॉपची पीएसडी किंवा जुनं सॉफ्टवेअर. डिस्कच २ टीबीच्या पुढे दिसत नसेल तर पार्टिशनची पद्धत. आकडा दर वेळी वेगळा येत असेल तर बहुधा कुठेतरी खरोखरच जागा संपतेय, आणि ती बऱ्याचदा सी ड्राइव्हवर संपलेली असते.

चार जीबीची भिंत

फाइल सिस्टम म्हणजे डिस्कची हिशेबाची वही. कुठली फाइल कुठे ठेवली आणि ती किती मोठी, हे त्यात लिहिलेलं असतं. फॅट३२ या वहीत आकार लिहायचा रकाना फक्त ३२ बिटांचा, म्हणजे चार बाइटचा आहे. त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या ४,२९,४९,६७,२९५. याच्यापुढे एक बाइट जरी गेला तरी तो आकडा लिहायला जागा नाही. डिस्क ३२ जीबीची असो की ५०० जीबीची, त्याने काही फरक पडत नाही.

रेकॉर्डिंगच्या भाषेत ही भिंत किती मिनिटांवर येते ते बघा. कॅमेरा १०० एमबीपीएसवर (मेगाबिट प्रति सेकंद, आठ बिटांचा एक बाइट) असेल तर सेकंदाला १२.५ एमबी डेटा तयार होतो आणि चार जीबी ५ मिनिटं ४३ सेकंदांत भरतात. ५० एमबीपीएसवर साडेअकरा मिनिटं. क्लासचं लेक्चर स्क्रीन रेकॉर्डरने ६ एमबीपीएसवर घेतलं तर साधारण दीड तास. लातूरच्या क्लासमधलं लेक्चर दीड तासालाच का तुटतं, याचं उत्तर बऱ्याचदा हेच असतं: रेकॉर्डिंग थेट फॅट३२ पेन ड्राइव्हवर चाललेलं असतं.

उपाय सोपा आहे, पण त्यात पेन ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं. म्हणून आधी त्यावरचा डेटा दुसरीकडे घ्या आणि घेतलेल्या फाइल उघडून बघा. मग 'धिस पीसी'मध्ये पेन ड्राइव्हवर राइट क्लिक, फॉरमॅट, 'फाइल सिस्टम'मध्ये एक्सफॅट, 'अलोकेशन युनिट साइज' डिफॉल्टच ठेवा, 'क्विक फॉरमॅट'ची खूण असू द्या, स्टार्ट. मिनिटभरात काम होतं. ड्राइव्हचं अक्षर दोनदा वाचून घ्या. शेजारी दुसरी एक्स्टर्नल डिस्क लावलेली असेल तर ती आधी काढून ठेवा, कारण घाईत चुकीची डिस्क फॉरमॅट झाली की एखाद्या घरचं अख्खं लग्न जातं.

डेटा हलवायला दुसरी जागाच नसेल, तर न पुसता फॅट३२चं एनटीएफएस करता येतं. कमांड प्रॉम्प्ट 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'ने उघडा. 'कन्व्हर्ट' हा शब्द इंग्रजीत, मग स्पेस, ड्राइव्हचं अक्षर आणि त्याला लागून कोलन, पुन्हा स्पेस, मग फॉरवर्ड स्लॅश, एफएस, कोलन, एनटीएफएस हे सगळं सलग लिहून एंटर मारा. हा रस्ता एकतर्फी आहे, परत फॅट३२ करायला फॉरमॅटच मारावा लागतो. मध्येच लाईट गेली तर डेटा धोक्यात येतो, म्हणून हे काम लॅपटॉपवर, बॅटरी भरलेली असताना करा. महत्त्वाच्या फाइलची दुसरी प्रत नसेल तर आम्ही हा मार्ग सुचवणार नाही.

एक्सफॅट की एनटीएफएस?

दोन्हींत चार जीबीचा प्रश्न मिटतो. एनटीएफएसमध्ये नेहमीच्या ४ केबी क्लस्टरवर (डिस्कवरच्या जागेचा सर्वांत लहान गठ्ठा) एक फाइल सुमारे १६ टीबीपर्यंत जाऊ शकते. एक्सफॅटची मर्यादा त्याहून कितीतरी पुढे आहे. निवड करायची ती दुसऱ्या कारणांवरून.

एनटीएफएस बदल करण्याआधी त्याची नोंद जर्नलमध्ये ठेवतं. लिहिता लिहिता वीज गेली तर पुढच्या वेळी ती नोंद वाचून वही ताळ्यावर आणता येते. एक्सफॅटमध्ये असं जर्नल नाही. भारनियमन, वादळी पाऊस, मे महिन्यात भारामुळे उडणारा ट्रान्सफॉर्मर हे सगळं जिथे रोजच्या जगण्यात आहे, तिथे स्टुडिओच्या टेबलावर कायम जोडलेली डिस्क एनटीएफएसच असावी, असं आमचं ठाम मत आहे. मात्र मॅकवर एनटीएफएस डिस्क नुसती वाचता येते, त्यावर लिहिता येत नाही. त्यामुळे जी डिस्क विंडोज आणि मॅक दोन्हीकडे फिरते, ती एक्सफॅट करा आणि 'सेफली रिमूव्ह' केल्याशिवाय कधीही ओढून काढू नका.

ग्राहकाला द्यायच्या पेन ड्राइव्हचं गणित आणखी निराळं. घरातला टीव्ही किंवा मंगल कार्यालयातल्या एलईडी वॉलचा प्लेअर जुना असेल तर तो फक्त फॅट३२ वाचतो. अशा वेळी फिल्मचेच भाग करा: हळद, सीमंतीपूजन, लग्न, वरात. प्रत्येक भाग चार जीबीच्या आत ठेवा. ८ एमबीपीएसवर एक्सपोर्ट केलं तर तासाभराचा भाग ३.६ जीबीत बसतो आणि फुल एचडी टीव्हीवर दिसायलाही बरा दिसतो. एक पेन ड्राइव्ह ग्राहकाच्या टीव्हीवर लावून बघायला सांगा आणि मगच बाकीचे भरा.

व्हिडिओ नसून बॅकअपची किंवा डेटाची मोठी फाइल असेल आणि पेन ड्राइव्ह फॅट३२च ठेवायचा असेल, तर ७-झिप या मोफत सॉफ्टवेअरने तुकडे करा. फाइलवर राइट क्लिक, ७-झिप, 'अ‍ॅड टू आर्काइव्ह', खाली 'स्प्लिट टू व्हॉल्यूम्स'मध्ये '४०९२एम - फॅट' निवडा. तुकड्यांच्या नावापुढे ००१, ००२ असे क्रमांक येतात. समोरच्याकडे सगळे तुकडे एकाच फोल्डरमध्ये ठेवून फक्त ००१ उघडायचा. एक तुकडा हरवला तर पूर्ण फाइल निघत नाही, हे देतानाच सांगा.

विंडोज टाकायचा पेन ड्राइव्ह बनवतानाही हीच भिंत लागते. विंडोजच्या आयएसओमधली (इन्स्टॉल करायच्या एकत्रित फाइलमधली) 'इन्स्टॉल डॉट विम' ही एकटी फाइल अनेकदा चार जीबीच्या पुढे असते, म्हणून हाताने फॅट३२वर कॉपी होत नाही. रुफस हे पेन ड्राइव्ह बनवायचं सॉफ्टवेअर वापरा, तो यातून स्वतः वाट काढतो.

कॅमेऱ्याचं कार्ड

एसडीएचसी कार्ड ३२ जीबीपर्यंत असतात आणि फॅट३२ असतात. ३२ जीबीच्या वरची एसडीएक्ससी कार्डं एक्सफॅट असतात. फॅट३२ कार्डावर बहुतेक कॅमेरे चार जीबी झाले की आपोआप पुढची फाइल सुरू करतात. काही मॉडेलमध्ये जोडावर थोडा भाग गळतो. अंतरपाट दूर व्हायचा क्षण नेमका त्यात गेला तर तो परत मिळत नाही. म्हणून लग्नाला ६४ जीबी किंवा मोठं एसडीएक्ससी कार्डच वापरा आणि ते संगणकावर नाही, कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा.

तुकडे झालेलेच असतील तर ते पुन्हा रेंडर करून जोडू नका. वेळ जातो आणि चित्र खराब होतं. लॉसलेसकटसारख्या सॉफ्टवेअरमध्ये तुकडे ओढून टाका, क्रम तपासा, 'मर्ज' करा. डेटा जसाच्या तसा जोडला जातो. गोप्रोच्या फाइलींचा क्रम मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. जीएक्स०१००४५ या नावात ०१ हा तुकड्याचा क्रमांक आणि ००४५ हा व्हिडिओचा. पुढचा तुकडा जीएक्स०२००४५ असतो. नावाने क्रम लावला की सगळ्या व्हिडिओंचे पहिले तुकडे आधी एकत्र येतात आणि हळदीला वरात जोडली जाते. शेवटचे चार अंक सारखे असलेले तुकडे वेगळे काढून मगच जोडा.

किती जागा लागेल, ते आधी काढा

सूत्र पाठच करा: एमबीपीएस गुणिले ०.४५ म्हणजे तासाला लागणारे जीबी. १०० एमबीपीएसला ४५ जीबी, ५०ला साडेबावीस, १६ला सव्वासात. साडेतीन तासांचं सलग शूटिंग १०० एमबीपीएसवर केलं तर १५७ जीबी होतात. ते १२८ जीबीच्या एका कार्डात बसणार नाही, साधारण पावणेतीन तासांनी कार्ड भरेल. एडिटिंगसाठीच्या प्रोरेस ४२२ या व्हिडिओ प्रकाराला फुल एचडीत २५ फ्रेमवर सुमारे १२२ एमबीपीएस, म्हणजे तासाला ५५ जीबी धरा.

इथे खोक्यावरची जीबी आणि विंडोजची जीबी यांतला फरकही ध्यानात ठेवा. खोक्यावर १ टीबी म्हणजे एकावर बारा शून्यं एवढे बाइट्स. विंडोज १०२४च्या पटीत मोजतं, म्हणून तीच डिस्क ९३१ जीबी दिसते. १२८ जीबीचं कार्ड ११९ दिसतं, ४ टीबीची डिस्क ३.६३ टीबी. दुकानदाराने फसवलेलं नसतं, मोजायची पद्धत वेगळी आहे. एक्सपोर्टच्या आधी अंदाजे आकाराच्या किमान दीडपट जागा मोकळी ठेवा. झिप बनवत असाल तर मूळ फाइल आणि झिप अशा दोघांनाही जागा लागते, व्हिडिओ झिप करून जवळजवळ काहीच वाचत नाही.

डी ड्राइव्ह रिकामा, सी ड्राइव्ह भरलेला

लोक सर्वांत जास्त इथे चकतात. एक्सपोर्ट डी ड्राइव्हवर चाललंय, तिथे ७०० जीबी मोकळी आहे, तरी ६० टक्क्यांवर 'डिस्क फुल' येतं. कारण एडिटिंग सॉफ्टवेअर कामाच्या ओघात प्रीव्ह्यू, वेव्हफॉर्म आणि कॅश अशा तात्पुरत्या फाइल सी ड्राइव्हवर टाकत असतं. पहिल्या वेळी ६० टक्क्यांवर थांबलं, थोडं साफ केल्यावर ८३वर थांबलं, असं बदलत असेल तर संशय इथेच घ्या. एक्सपोर्ट चालू ठेवून 'धिस पीसी'ची खिडकी शेजारी उघडी ठेवा आणि दर काही मिनिटांनी एफ५ दाबा. सी ड्राइव्हचा निळा पट्टा भरत जाऊन लाल झालेला तुम्हाला डोळ्यांनी दिसेल.

प्रीमिअर प्रोमध्ये एडिट, प्रेफरन्सेस, मीडिया कॅश इथे जाऊन दोन्ही ठिकाणं डी ड्राइव्हवरच्या वेगळ्या फोल्डरला न्या आणि जुनी कॅश तिथूनच डिलीट करा. दाविंची रिझॉल्व्हमध्ये प्रोजेक्ट सेटिंग्ज, मास्टर सेटिंग्ज, 'वर्किंग फोल्डर्स' इथे कॅशची जागा बदलते. जुनी कॅश 'प्लेबॅक' मेनूतल्या 'डिलीट रेंडर कॅश'ने जाते. फोटोशॉपचा 'स्क्रॅच डिस्क्स आर फुल' हा संदेश म्हणजे हेच दुखणं: एडिट, प्रेफरन्सेस, स्क्रॅच डिस्क्स, तिथे सीची खूण काढून डीला द्या. बदल सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडल्यावर लागू होतो.

गुगल ड्राइव्ह डेस्कटॉप वापरत असाल तर त्याच्या 'जी' ड्राइव्हवर टाकलेली फाइल अपलोड होईपर्यंत सीवरच्या कॅशमध्ये बसते. प्रेफरन्सेसमधून त्या कॅशचं फोल्डरही हलवा.

सी मोकळा करताना सेटिंग्ज, सिस्टम, स्टोरेज, 'टेम्पररी फाइल्स' इथून सुरुवात करा. त्या यादीत 'डाउनलोड्स' नावाचा रकाना असतो. त्यावर खूण नाही ना, हे तपासूनच 'रिमूव्ह' दाबा, ग्राहकांनी पाठवलेले फोटो बऱ्याचदा तिथेच पडलेले असतात. डेस्कटॉप संगणकावर हायबरनेट लागत नसेल तर त्याची फाइल रॅमच्या साधारण ४० टक्के जागा उगाच धरून बसते. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी', स्पेस, स्लॅश एच, स्पेस, ऑफ असं इंग्रजीत टाइप केलं की ती निघून जाते. पेजफाइलला (रॅम कमी पडली की विंडोज वापरतं त्या फाइलला) हात लावू नका. मोठं एक्सपोर्ट चालू असताना रॅम संपली की त्याच फाइलचा आधार असतो.

फाइलच्या प्रकारालाही मर्यादा असते

डिस्क एनटीएफएस, जागा भरपूर, सीही मोकळा, तरी २ किंवा ४ जीबीवर गाडी अडते. मग फाइलचा प्रकार बघा.

गावोगावच्या हरिनाम सप्ताहात आता कीर्तनाचं रेकॉर्डिंग मिक्सरमधून वेगवेगळ्या ट्रॅकवर होतं. वेव्ह फाइलमध्ये आकाराचा रकाना ३२ बिटांचा, म्हणजे कमाल ४ जीबी. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, आठ ट्रॅक एकाच वेव्हमध्ये घेतले तर सेकंदाला ११,५२,००० बाइट्स होतात आणि ६२ मिनिटांत फाइल भरते. रात्री नऊला उभं राहिलेलं दोन तासांचं कीर्तन त्यात बसत नाही. रेकॉर्डरमध्ये आरएफ६४ किंवा डब्ल्यू६४ हा मोठ्या फाइलींचा पर्याय असेल तर तो निवडा. नसेल तर प्रत्येक ट्रॅक वेगळ्या मोनो फाइलमध्ये घ्या. मग मृदंगाच्या एका ट्रॅकला चार जीबी भरायला आठ तासांहून जास्त लागतात.

फ्लेक्सचं गणितही असंच आहे. पीएसडीची मर्यादा दुहेरी आहे: फाइल २ जीबी आणि बाजू ३०,००० पिक्सेल. चाळीस फुटी बॅनर ७२ डीपीआयवर केला तर ४० गुणिले १२ गुणिले ७२ म्हणजे ३४,५६० पिक्सेल होतात, पीएसडीत मावतच नाहीत. 'सेव्ह अ‍ॅज'मध्ये 'लार्ज डॉक्युमेंट फॉरमॅट' म्हणजे पीएसबी घ्या, त्यात बाजू ३,००,००० पिक्सेलपर्यंत जाते. नाहीतर एक चतुर्थांश मापात काम करून छपाईच्या वेळी मोठं करा. लांबून बघायच्या फ्लेक्सला दुसरा मार्ग पुरेसा असतो आणि संगणकही हलका राहतो. ड्रोनच्या मोजणीचे मोठे नकाशे साध्या टिफमध्ये ४ जीबीच्या पुढे जात नाहीत, तिथे एक्सपोर्ट करताना 'बिगटिफ'ला खूण करा.

जुनी एव्हीआय २ जीबीवर अडू शकते. जुन्या सॉफ्टवेअरची झिप ४ जीबीवर आणि ६५,५३५ फाइलींवर अडते, ७-झिपने ते टळतं. आउटलुकची पीएसटी (ईमेल साठवायची फाइल) २०१० आणि पुढच्या आवृत्त्यांत ५० जीबीवर थांबते, अगदी जुन्या प्रकारात २ जीबीवरच. व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून फाइल २ जीबीपर्यंतच जाते.

दवाखाना, मोंढ्यातली आडत, पतसंस्था यांच्या सॉफ्टवेअरमागे बऱ्याचदा एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस हे नोंदी साठवणारं मायक्रोसॉफ्टचं मोफत सॉफ्टवेअर असतं. २००८ आर२ पासून २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे. लॉग फाइल त्यात धरत नाहीत. नोंदी पडेनाशा झाल्या की डिस्क बदलून काही होत नाही. आधी पूर्ण बॅकअप घ्या, मग सॉफ्टवेअरवाल्याकडून जुन्या वर्षांचा डेटा वेगळ्या डेटाबेसमध्ये काढून घ्या. स्कॅन केलेली कागदपत्रं आणि एक्स-रे थेट डेटाबेसमध्ये साठत असतील तर ती फोल्डरमध्ये ठेवायची सोय करून मागा. बहुतेक जागा त्यांनीच खाल्लेली असते.

चार टीबीची डिस्क दोनच टीबी दिसते

एमबीआर या जुन्या पार्टिशन पद्धतीत सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांचा आहे. ५१२ बाइटच्या सेक्टरला गुणलं की २ टीबी होतात, पुढचा भाग 'अनअलोकेटेड' म्हणून काळ्या पट्ट्याखाली पडून राहतो. डिस्क मॅनेजमेंटमध्ये डाव्या बाजूच्या 'डिस्क १' या चौकोनावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, 'व्हॉल्यूम्स' टॅबमध्ये 'पार्टिशन स्टाइल' बघा. एमबीआर असेल तर डेटा हलवा, सगळी पार्टिशनं डिलीट करा, 'कन्व्हर्ट टू जीपीटी डिस्क' करा (जीपीटी ही नवी पार्टिशन पद्धत) आणि नवं पार्टिशन बनवा. ३ टीबीची डिस्क ७४६ जीबी दिसत असेल तर दोष डिस्कचा नाही, बाहेरच्या जुन्या केसिंगचा किंवा जुन्या ड्रायव्हरचा आहे. आधी केसिंग बदलून बघा.

खोटी क्षमता

काहीशे रुपयांत '२ टीबी' म्हणून मिळणारा पेन ड्राइव्ह आतून ३२ किंवा ६४ जीबीचा निघतो. त्याच्या कंट्रोलरला खोटा आकडा सांगायला शिकवलेलं असतं. कॉपी पूर्ण होते, फाइलींची नावं दिसतात, पण खऱ्या क्षमतेच्या पुढचं काहीच साठलेलं नसतं. ज्याचं लग्न होतं तो महिन्याभराने फाइल उघडतो आणि मागे वळायला जागा नसते. घेतलेला प्रत्येक नवा पेन ड्राइव्ह आणि कार्ड वापरण्यापूर्वी एच२टेस्टडब्ल्यू या मोफत सॉफ्टवेअरने तपासा. कोरा ड्राइव्ह निवडा, 'ऑल अव्हेलेबल स्पेस', मग 'राइट प्लस व्हेरिफाय'. सेकंदाला २० एमबीच्या वेगाने ६४ जीबी लिहायला जवळपास तास लागतो, वाचायला आणखी थोडा वेळ. रात्री लावून ठेवा. एकही एरर आली तर परत करा.

क्वचित येणारी, पण गोंधळात टाकणारी दुखणी

'ड्यू टू अ फाइल सिस्टम लिमिटेशन' असा संदेश, सोबत ६६५ क्रमांक, आणि जागा व्यवस्थित. एनटीएफएसवरची फाइल लाखो तुकड्यांत विखुरली की तिच्या तुकड्यांच्या नोंदी ठेवायची जागा संपते. फोल्डरवर 'कॉम्प्रेस कंटेंट्स'ची खूण असेल तर हे लवकर होतं. खूण काढा, फाइल दुसऱ्या डिस्कवर हलवून परत आणा. व्हिडिओ आणि डेटाबेसच्या फोल्डरला ही खूण कधीच देऊ नका.

लिनक्सवर ईएक्सटी४ फाइल सिस्टमच्या डिस्कचा ५ टक्के भाग रूटसाठी (मुख्य अ‍ॅडमिनिस्ट्रेटरसाठी) राखून ठेवलेला असतो. ४ टीबीवर ते २०० जीबी होतात. नुसत्या डेटाच्या डिस्कवर 'ट्यून२एफएस'ने तो १ टक्क्यावर आणता येतो. मोठी फाइल डिलीट करूनही जागा सुटत नसेल तर एखादा चालू प्रोग्राम ती धरून बसलाय. तो बंद केला की जागा लगेच मोकळी होते.

लिहिता लिहिता वीज गेली तर

सलग रेकॉर्डिंग एमपी४मध्ये घेऊ नका. साध्या एमपी४ची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते. डिस्क भरली किंवा लाईट गेली की ती लिहायची राहते आणि २० जीबीची फाइल असून उघडत नाही. ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डिंग फॉरमॅट एमकेव्ही ठेवा, काम झाल्यावर 'फाइल' मेनूतल्या 'रीमक्स रेकॉर्डिंग्ज'ने एमपी४ करा. 'अ‍ॅडव्हान्स्ड' आउटपुटमध्ये 'ऑटोमॅटिक फाइल स्प्लिटिंग'ही आहे. ३० मिनिटांवर ठेवलं तर एखादा तुकडा गेला तरी बाकीचं लेक्चर हाती राहतं.

यूपीएस घेताना फक्त मिनिटं बघू नका, वॉट बघा. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटपर्यंतच झेपवतो. ग्राफिक्स कार्डवाला संगणक रेंडरच्या वेळी त्याच्या पुढे गेला तर लाईट जाताच यूपीएसही बंद पडतो. अशा संगणकाला १ केव्हीए किंवा त्याहून मोठा घ्या. घरच्या इन्व्हर्टरवर काम चालत असेल तर त्याची कळ 'यूपीएस' मोडवर ठेवा, दुसऱ्या मोडमध्ये वीज बदलायला लागणाऱ्या क्षणात संगणक रीस्टार्ट होतो.

कॉपी ९९ टक्क्यांवर थांबली तर लगेच ओढून काढू नका. डेटा अजून मेमरीतून पेन ड्राइव्हवर उतरत असतो, स्वस्त ड्राइव्हला यात काही मिनिटं लागतात. पूर्ण झाल्यावर मूळ फाइल आणि प्रत या दोन्हींवर राइट क्लिक करून ७-झिपच्या 'सीआरसी एसएचए' मेनूतून एसएचए-२५६ (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ओळख-आकडा) काढा. दोन्ही आकडे अक्षर न् अक्षर जुळले तरच कार्ड रिकामं करा.

आणि एमपी४ अर्धवट राहिलीच असेल तर त्या कार्डावर पुढे एकही फोटो काढू नका. कार्डाचं कुलूप लावा, फाइल जशी आहे तशी संगणकावर उतरवा. मग त्याच कॅमेऱ्याने, त्याच सेटिंगवर, दुसऱ्या कार्डावर एक-दोन मिनिटांचा चांगला व्हिडिओ घ्या. 'अनट्रंक' नावाचं मोफत साधन तो नमुना वाचून मोडक्या फाइलची अनुक्रमणिका नव्याने रचून बघतं. नमुना वेगळ्या रिझोल्यूशनचा किंवा फ्रेम रेटचा असेल तर ते जमत नाही, म्हणून शूटिंगच्या दिवशीचं सेटिंग कॅमेऱ्यात बदलण्याआधी हा नमुना घ्या.